रिकामं न जाणारं ताट

फुकट मिळालेल्या वस्तूला आमच्या समोरच्या भाईंइतका घाबरणारा माणूस अख्ख्या आखातात झाला नसेल. साप दिसला तर ते काठी शोधायचे. कोणी भेटवस्तू घेऊन आलं तर मागचं दार. मूळचे रत्नागिरीकडचे भाई कतारमध्ये दुखानला तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये होते, आणि स्टोअरवाल्याकडे सप्लायर यायचेच, गुळाला मुंगळे यावेत तसे. पण भाई त्यांच्याकडून साधं कॅलेंडर घेत नसत. "आज कॅलेंडर घेतला की उद्या गंजलेला पंप घ्यावा लागतो," म्हणायचे. एकदा कोणाचंसं पेन चुकून खिशात राहिलं, तर ते परत करायला भर उन्हात दोह्यापर्यंत गाडी हाकली. एकदा बोलण्याच्या नादात सप्लायरचा खजूर तोंडात गेला, तेव्हा निदान बी तरी परत केलीच.

अशा माणसाच्या घरी अमेरिकेतल्या एका कॉलेजचा माणूस यावा! भाईंची लेक बास्केटबॉल खेळायची. उंची अशी, की वरच्या फळीवरचे डबे काढायला भाभींना स्टूल लागत नसे. त्या माणसाने दोह्यात तिचा खेळ पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, फी माफ, राहणं फुकट, मुलगी आम्हाला द्या. भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना तो खजुरांनी भरलेलं पितळी ताट ठेवून गेला. खजूर संपत आले तेव्हा खाली सोन्याचं घड्याळ निघालं.

लेकीने दुसऱ्या कॉलेजकडे बघू नये म्हणून ते भाईंना होतं. तिकडच्या कॉलेज-खेळाच्या नियमाने असलं काही घेता येत नाही; उघडकीस आलं असतं तर पोरीचं खेळणंच बंद. आणि घेतलं नाही तर? "मग तुमचा भरवसा कसा धरू?" असं त्याने फोनवर हसत विचारलं. भाईंनी घड्याळ फ्रीजरमध्ये मटणाखाली ठेवलं, तरी त्यांना टिकटिक ऐकू येई. जेवण सुटलं. दारावर बेल वाजली की दचकून उभे राहत.

शेवटी मला सोबत घेऊन ते त्याच्या हॉटेलात परत करायला निघाले. गाडीत पाहतो तर ताटात घड्याळ, आणि त्याभोवती भाभींनी रचलेली तांदळाची वाफवलेली सांदणं!

"अहो भाई, हे कशाला?"

"मग काय रिकामा देऊ? आमच्यात दुश्मनाचा ताटसुद्धा रिकामा जात नाय."

त्या माणसाने सांदणं मिटक्या मारत खाल्ली आणि समजायचं ते समजला: गडी नाही म्हणत नाही, भाव वाढवतोय. आठवड्याने तेच ताट परत आलं. खजुरांखाली बांगड्या. भाईंना घाम फुटला, भाभींनी पुन्हा तांदूळ भिजत घातले. तिसऱ्या खेपेला खजुरांखाली गाडीची किल्ली होती, आणि ती नेमकी लेकीच्या हाती लागली. मराठी सगळं कळूनही ती बोलायची इंग्रजीतच. तिने किल्ली बापापुढे धरली. "पपा, इज धिस फॉर मी, ऑर फॉर यू?"

भाईंनी ताट स्वतः घासलं, पुसलं, त्यात नुसती किल्ली ठेवली. हॉटेलात त्या माणसाने ताटावरचं फडकं उचललं, सांदणं शोधली, आणि भाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "खलास," भाई म्हणाले. परतीच्या वाटेवर म्हणाले, "रिकामा ताट दिला रे मी. पहिल्यांदा."

ते ताटाबद्दलच बोलत होते असं मी तेव्हा धरून चाललो. अमेरिकेहून पुन्हा कोणाचा फोन आला नाही. लेक पुण्याला शिकायला गेली, तिथल्या कॉलेजकडून खेळली. पुढे भाईही गाशा गुंडाळून गावी गेले. निघताना भाभींनी मला डबाभर सांदणं दिली. तो डबा अजून माझ्या ओट्यावरच्या फळीवर आहे. भाईंच्या गावी जाणारं कोणी भेटलं की मी तो खाली काढतो, धुतो, आणि भाईंना शोभेल असं त्यात काय भरावं ते न सुचून परत ठेवून देतो.