फ्रीजच्या खोक्याखालची खोली

अन्याय झाला तो लताताई परब यांच्यावर. चार वर्षांपूर्वी, ज्या शुक्रवारी अमिरातीतल्या अल ऐनमधल्या विलासकाकांच्या घरी नवा डबल डोअर फ्रीज आला, त्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. फ्रीजचा आणि अन्यायाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मलाही तो कळायला दोन तास आणि एक शिडी लागली.

मी इन्सुलेशनच्या कंपनीत एनर्जी ऑडिट करते. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन, घर का तापतं आणि वीज कुठे वाया जाते, ते शोधते. त्याआधी पुण्यात वीजदरवाढीविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि चौकात उभी राहून वाटायचे. त्यामुळे गोड बोलायची सवय मला नाही. तरीही विलासकाका आणि मेधाकाकूंबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तर माझा हात जड होतो. शारजाहून दीड तास गाडी चालवून गेलेल्या मुलीला आधी ताक, मग जेवण, मग 'थोडं पड' असं म्हणणारं घर आहे ते. थर्मामीटर काढायला मला दुपारचे अडीच वाजले.

तक्रार साधी होती. हॉल थंड होत नाही, एसी चोवीस तास चालतो, बिल वाढतंय. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. घर जुनं, एकमजली, वर लाल कौलांचं उतरतं छप्पर. इथे बहुतेक व्हिलांना सपाट स्लॅब असतो, पण अशी कौलारू घरंही अजून आहेत. कौलं आणि खालचं जिप्समचं सीलिंग यांच्यामध्ये पोटमाळा. जुलैत दुपारी तिथली हवा साठ डिग्रीच्या पुढे जाते. म्हणजे तुम्ही तापलेल्या तव्याखाली राहता, आणि मध्ये असतो फक्त अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. त्या बोर्डवर जो जाड थर असायला हवा, ते इन्सुलेशन. ते घर गार करत नाही. उष्णतेला खाली यायला उशीर करतं, एवढंच. पण त्या उशिरातच सगळं आहे.

फराळाचे डबे भरता भरता काकू म्हणाल्या, "त्यात आता लताही चालली."

लताताई कुडाळच्या. नऊ वर्षं या घरात. स्वयंपाक त्या करतात, आणि काकूंचा फराळाचा आणि उकडीच्या मोदकांचा जो घरगुती व्यवसाय दुबईतल्या ऊद मेथापर्यंत पोचलाय, त्यातला निम्मा हात त्यांचा.

"का चालल्या?"

"मन लागत नाही म्हणते. चतुर्थीआधी तिकीट काढून द्या म्हणते, एकाच बाजूचं." काकूंनी डबा आपटला. "नऊ वर्षं बहिणीसारखी ठेवली गं. आमची ऋचा तिच्या कडेवर मोठी झाली. काय कमी पडलं, तेवढं तरी सांगायचं!"

काकूंचे डोळे भरले होते. मी कामाला लागले.

हॉलचं सीलिंग छत्तीस डिग्री. बेडरूमची पस्तीस, चौतीस. पातळ थर आहे, कुठे कुठे फाटलाय, असं त्या आकड्यांवरून कळत होतं. मी विचारलं, "स्वयंपाकघराच्या मागची ती खोली?"

"ती कशाला? ती लताची आहे," काका म्हणाले. "तिथे वेगळा विंडो एसी आहे. मेन युनिटवर तिचा लोड येत नाही."

मी तरीही दार उघडलं. आणि हे वाक्य मी जपून लिहिते: आत भट्टी होती. विंडो एसी अठरावर लावलेला, घरघरत होता, आणि खोलीत एकोणचाळीस. सीलिंगवर थर्मामीटर धरला, तर शेहेचाळीस. पलंगावरची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. त्या पलंगावर बरेच दिवस कोणी झोपलं नव्हतं, हे कळायला ऑडिटर लागत नाही.

"लताताई, तुम्ही झोपता कुठे?"

"पडते की. वॉशिंग मशीनजवळ. तिथे फरशी गार असते."

काका दारात उभे होते. "म्हणजे? कधीपासून?"

लताताई ओट्याकडे वळल्या. उत्तर दिलं ते ऋचाने, हेडफोन न काढता. "Baba, she's been sleeping in the laundry for like four years. Everybody knows."

"मला नाही माहीत!"

"You never go to the laundry, Baba."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. "लता, अगं, मला सांगायचं नाही? दोनदा एसी बदलला मी! दुसरा तर अकराशे दिरहमचा घेतला, म्हणजे पंचवीस हजार रुपये..."

"म्हणूनच नाही सांगितलं, दादा," लताताई म्हणाल्या. "दोनदा घेऊन दिलात. वर अजून काय मागायचं? माझ्याच अंगात उष्णता असेल म्हटलं."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. शेहेचाळीस डिग्रीच्या छताखाली राहणारी बाई स्वतःच्या अंगाला दोष देते! पण ओरडायचं कोणावर? समोर तर असा माणूस होता, ज्याने मागायच्या आधी दोन एसी आणले होते. मी शिडी मागितली.

माळ्यावर जायचं झाकण त्या खोलीबाहेरच्या बोळात आहे. मी कंबरेपर्यंत आत गेले, टॉर्च फिरवला. दुपारी यापेक्षा जास्त वेळ आणि जास्त आत जायचं नसतं, माणूस चक्कर येऊन पडतो. पाच मिनिटं पुरली.

हॉल आणि बेडरूमवर जुनी ग्लासवूल होती. काचेच्या धाग्यांची पिवळी गादी, बसून बसून चपट झालेली. लताताईंच्या खोलीवर काहीच नव्हतं. म्हणजे इन्सुलेशन नव्हतं. खोके होते. टीव्हीचा खोका, मायक्रोवेव्हचा खोका, मिक्सरचे दोन, वॉशिंग मशीनचा, आणि सगळ्यात मोठा, फ्रीजचा. सगळे रिकामे. आत फक्त थर्माकोल, जसाच्या तसा. आणि मागे कोपऱ्यात त्या खोलीवरची ग्लासवूल, गुंडाळी करून नीट सुतळीने बांधलेली.

"काका, वर खोके कशाचे आहेत?"

"ते होय! ओरिजिनल पॅकिंग. कायमचं इंडियाला जायचं झालं की सामान त्यातच भरायचं. बाहेरच्या पॅकिंगचा काही भरवसा नाही."

आखातातल्या मराठी वाचकांना याच्यापुढे समजावून सांगायची गरज नाही. तुमच्याही पलंगाखाली, कपाटावर, बाल्कनीत असे खोके आहेत. 'अजून दोनच वर्षं' म्हणत आपण ते जपतो. माझ्या आईवडिलांच्या मस्कतच्या घरी शिवणयंत्राचा खोका यंत्रापेक्षा जास्त टिकला.

"आणि तिथली ग्लासवूल कोणी गुंडाळली?"

काका हळूच म्हणाले, "फ्रीजचा खोका मावत नव्हता. सपाट जागा हवी होती. जेवण झाल्यावर मीच चढलो होतो. दोन दिवस अंग खाजत होतं माझं."

बोळात आम्ही सगळे उभे होतो. मेधाकाकू खाली बसल्या.

आता माझं काम. जुन्या गाद्या परत पसरून भागणार नव्हतं. त्या माळ्यात एसीची हवा नेणारे डक्ट आडवेतिडवे गेलेत, छपराला तोलणाऱ्या लाकडी कैच्या आहेत, वायरी आहेत. गादी अंथरली की प्रत्येक अडथळ्यापाशी फट राहते, आणि उष्णता त्या फटीतून आत येते. अशा ठिकाणी ब्लोन-इन इन्सुलेशन बरं. म्हणजे सुटा, भुसभुशीत माल मशीनमध्ये टाकायचा, आणि जाड पाइपने हवेच्या जोरावर वर उडवायचा. पिठी पेरल्यासारखा तो सगळ्या कानाकोपऱ्यांत बसतो.

माल तीन प्रकारचा मिळतो. काकांनी व्हिडिओ बघून सेल्युलोज ठरवलं होतं. ते जुन्या कागदाचा भुगा असतं, आग आणि कीड लागू नये म्हणून औषध मिसळलेलं. चांगलं असतं, फटी छान बुजवतं. पण वजनदार. आणि या घरातल्या डक्टना घाम येतो. भुगा भिजला की बसतो, गठ्ठे होतात, आणि जुन्या जिप्समवर भार येतो. दुसरा प्रकार रॉकवूल, दगडाच्या धाग्यांची. आगीला सगळ्यात भक्कम, पण तीही जड. तिसरी सुटी ग्लासवूल. हलकी, ओल न शोषणारी, फारशी न बसणारी. मी तीच सांगितली, एक फूट जाड. त्याआधी डक्टचे सांधे बंद करायचे, सीलिंगमधल्या वायरींची भोकं बुजवायची, आत बसवलेल्या प्रत्येक डाउनलाइट दिव्यावर आगीला टिकणारी टोपी बसवायची. छपराच्या कडेची हवा यायची जागा मोकळी ठेवायची. बाथरूमच्या वर गीझर आहे, तो मालात पुरायचा नाही. हे सोडून जो नुसता पाइप वर घालतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

ऑफिसला फोन केला. माझे बॉस सुनील सर, त्रिशूरचे. म्हणाले, "गार्गी, मेरे फॉर्म में तीन बेडरूम, हॉल, किचन है. ये चौथा कमरा कहाँ से आया?"

"मेड्स रूम है, सर."

"उसका कॉलम ही नहीं है. क्लायंट ने माँगा क्या?"

फॉर्ममध्ये कॉलमच नाही. ते खरं होतं, आणि तो फॉर्म मीच दोन वर्षं भरत होते. तोवर किती घरांत मी ते मागचं दार न उघडता सही करून निघाले, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. पत्रकं वाटणाऱ्या मुलीने हे लिहून ठेवलेलं बरं.

"कॉलम मी वाढवते, सर. तुम्ही एरिया वाढवा."

"यल्ला, भेजो," सर म्हणाले. यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.

सरांनी ऐकलं. अडले ते विलासकाका. "गार्गी, बाकी सगळं कर. त्या खोलीचं जरा पुढच्या वर्षी बघू का? खोके ठेवायला खाली जागाच नाही गं."

मी तोंड उघडलं होतं. जे बोलणार होते ते छापण्यासारखं नव्हतं. पण लताताईच आधी बोलल्या, अगदी समजुतीने. "राहू देत ना खोके. मी तरी जातेच आहे."

त्यात टोमणा नव्हता. तोच तर प्रश्न होता. नऊ वर्षं घरात असलेली बाई जाणार, आणि रिकामा खोका राहणार, असं ठरत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "तो टीव्ही तरी आहे का आता आपल्याकडे? बिघडला म्हणून टाकून नाही का दिलात?"

"तो नाही, पण मायक्रोवेव्ह..."

"तोही तिसरा आहे हा."

ऋचाने पहिल्यांदा हेडफोन काढले. "Baba, where are we even going? I was born here."

काका शिडीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, खोके आहेत तोवर जायचं पक्कं आहे." आणि स्वयंपाकघराकडे बघून, "लता, एक चूक झाली माझ्याकडून. मोठी झाली."

"चहा गार होतोय, दादा," लताताई म्हणाल्या. पण त्या बसल्या. काकांच्या शेजारच्या खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मला फोटो आला. हॉलभर खोके, मध्ये बनियनवर विलासकाका, दंडापर्यंत खाजवत. खाली लिहिलं होतं, 'खलास.'

पुढच्या गुरुवारी पहाटे आमची टीम गेली. मशीन अंगणात, पाइप झाकणातून वर. उडवणारा आमचा गुलखान, पेशावरचा. मी त्याला सांगितलं, आधी मागची खोली. तो म्हणाला, "हमेशा तो हॉल से शुरू करते हैं." मी म्हटलं, ते 'हमेशा'च चुकतं. कैच्यांना पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यावर मालाची उंची दिसते. मागच्या खोलीवरची पट्टी बरोबर फुटावर आली, तेव्हा मी फोटो काढला. तो फॉर्मला जोडलाय.

दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायला गेले. बाहेर शेहेचाळीस. हॉलचं सीलिंग सत्तावीस. मागच्या खोलीत मोजता आलं नाही. दार लावलेलं होतं, आणि काकूंनी मला तोंडावर बोट ठेवून अडवलं. "झोपलीय. अडीचची झोपली, चार वाजले तरी उठली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा दुपारचा चहा मी करतेय." आणि अभिमानाने सांगितलं की चहात साखर जास्त झालीय.

लताताई चतुर्थीला कुडाळला गेल्या. रिटर्न तिकीट काढून. मन का लागत नव्हतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

धंद्यातला धडा एवढाच: थंड होत नाही म्हणून दुसरा एसी आणण्याआधी सीलिंगच्या वर बघा. यंत्र बदलायला पैसे लागतात, वर बघायला शिडी.

पण हा लेख मी धड्यासाठी लिहिला नाही. तुम्ही भली माणसं आहात, विलासकाकांइतकीच. म्हणून तुमच्याकडे एक मागणी करते, आणि ती विनंती नाही. तुमच्या घरी स्वयंपाकाला, मुलं सांभाळायला जी बाई राहते, तिच्या खोलीत उद्या दुपारी अडीच वाजता जा. दार लावून घ्या. फोन बाहेर ठेवा. तिच्या पलंगावर वीस मिनिटं बसा. मग बाहेर या, आणि मला फोन करण्याआधी तिला विचारा: तू झोपतेस कुठे?