रेनफॉल टू प्लमेट

माझी फजिती मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितली तर मीठमिरची लावून सांगेल, आणि ते मला खपायचं नाही.

शाळेत मी कधी गेले नाही. नातीची जुनी पुस्तकं घेऊन चुलीपुढे इंग्रजी शिकले. आता मोबाइलवर इंग्रजी पेपर वाचते. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं येऊन परीक्षा घ्यावी.

तर यंदा धानाची रोवणी आटोपली, बांध्या, म्हणजे आमच्याकडची धानाची खाचरं, पाण्यानं भरल्या आणि एका सकाळी बातमी दिसली: ‘रेनफॉल टू प्लमेट’. रेनफॉल मला येत होतं. प्लमेट नवीन. डिक्शनरीत पाहिलं. अर्थ निघाला, ‘एकदम वेगाने खाली पडणे’.

आता तुम्हीच सांगा, पाऊस एकदम वेगानं खाली पडणार म्हणजे काय? धो धोच ना?

नुकती रोवलेली रोपं बुडून सडली तर वर्ष गेलं. मी फावडं घेतलं, धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडला आणि बांधीतलं सगळं पाणी नाल्यात सोडलं. शेजारच्या बांधीच्या धुऱ्यावर माझी धाकटी जाऊ सुखवंता तूर लावत होती.

“सुखवंता, पानी सोड. मोठा पाऊस येऊन राहिला.”

“कोन म्हनते?”

“इंग्रजी पेपर.”

“त्या पेपरवाल्याची बांधी कोठं आहे, मोठीबाई?”

“अडानीच राहशील तू.”

“राहतो. पन पानी नाही सोडत.”

त्यानंतर आठवडाभर थेंब नाही. असं ऊन तापलं की माझ्या बांधीला भेगा पडल्या. गोंदियाला कॉलेजात शिकणाऱ्या नातीला फोन लावला.

“आजी, पाऊस एकदम कमी होनार, असं लिवलं होतं. भाव पडतात ना, तसा.”

“मंग पडनार कायले लिवलं? पावसाले पडाशिवाय दुसरं काम का आहे?”

पण नातीशी भांडून रोपं जगत नाहीत. ती पिवळी पडत चालली होती, आणि पाणी होतं फक्त सुखवंताच्या बांधीत. गेले. धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. तिनं ओळखलंच.

“पानी पाह्यजे का, मोठीबाई? देतो. पन इंग्रजीत मांगा.”

मान ताठ ठेवून म्हटलं, “वॉटर, प्लीज.”

तिनं धुरा फोडायला फावडं उचललं, आणि थांबली.

“प्लीज मंजे का?”

“कृपा करून.”

“असं तुमी म्हनता,” फावडं खाली ठेवत ती म्हणाली. “थांबा, आधी तुमच्या नातीले फोन लावून पाहतो.”