मालकाचा रकाना

ज्या यादीमुळे माझी नोकरी गेली ती यादी मीच काढली होती, आणि तिच्यातली एकही ओळ चुकीची नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही हसले असते.

भिलाईच्या हुडको वसाहतीत औषधाच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. शाळा, गोदामं, लहानसहान दवाखाने यांची सॉफ्टवेअरं आम्ही चालवायचो. ज्या मशिनींवर ती चालत त्या भिलाईत नव्हत्या. क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या कुठल्या तरी शहरात, भाड्याने घेतलेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक मी उभ्या केलेल्या. एखादी बंद पडली की फोन मला यायचा, मग मी आंघोळीला का गेलेली असेना.

आई गेल्यापासून भिलाईजवळच्या चरोद्याच्या घरात बाबा आणि मी दोघंच. भाऊ नागपूरला, त्याच्या संसारात. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, आणि मोरीत पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून भिंत धरून चालणारे. माझ्या कामाची दुसरी जागा भिलाईत नव्हती. ही नोकरी गेली तर पुणं नाही तर हैदराबाद, आणि बाबा एकटे. म्हणून मी त्या ऑफिसात बरंच काही गिळत होते.

हाड मोडलं तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनसाठी मी मोठी सुट्टी टाकली. बाबांना स्ट्रेचरवर घेतलेलं, चेहरा पांढराफटक, आणि विचारतात काय, तर, "चार्ज देऊन आली का?"

बाबांनी जन्मभर चरोद्याच्या रेल्वे यार्डातल्या कॅबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढले. तिथला नियम असा की चार्ज दिल्याशिवाय कॅबिनची पायरी उतरायची नाही. पुढचा माणूस आला नाही तर थांबायचं, ताप असो की घरी लग्न असो. आणि परत कामावर आलं की चार्ज आपण होऊन घ्यायचा नाही. ज्याच्याकडे आहे त्याने तो द्यायचा, मग आपण हात लावायचा. आमच्या घरात दुधाच्या पातेल्यालासुद्धा हा नियम होता. गॅसजवळून उठायचं तर कोणाला तरी सांगून उठायचं.

तर मी चार्ज दिला होता. क्लाउडमधल्या प्रत्येक वस्तूला, मशीन असो की डिस्क, एक चिठ्ठी लावता येते आणि तीत मालकाचं नाव लिहिता येतं. हा मालक म्हणजे भाडं भरणारा नव्हे, ज्याने ती सांभाळायची तो. सुट्टीवर जाण्याआधी मी माझ्या सगळ्या वस्तूंवर माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाचं नाव घातलं. तो सेक्टर दोनचा, वडील स्टील प्लांटमध्ये, मूळचे आमच्यासारखेच नागपूरकडचे. त्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. इतर लोक सुट्टीवर जाताना फक्त "फोन कर लेना" म्हणून जायचे. माझा हा सोपस्कार पाहून एक जण म्हणाला, "दीदी, ये ऑफिस है, चरोदा यार्ड नहीं." सगळे खिदळले. त्या पोराने मात्र मान डोलवली. म्हणाला, "ताई, तुमी बाबाईले पाहा. मी हाव ना."

मी परत आले तेव्हा त्याला म्हटलं, चार्ज दे. "देतो ना ताई, आज थोडं काम हाय." त्यानंतरही महिनोन्महिने तेच. मशिनी मीच चालवत होते, रात्रीबेरात्री फोन मलाच येत होते, चिठ्ठीवर नाव तेवढं त्याचं. मला बदलता आलं असतं, अधिकार होते. पण चार्ज हिसकावून घेणं माझ्या हाडात नव्हतं. ही माझी चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. ज्याने द्यायचा त्याने दिला नाही, एवढंच.

मग साहेबांनी बोलावलं. एक मोठा ग्राहक गेला होता, माणसं कमी करणार अशी ऑफिसात कुजबुज सुरू होती, पण साहेब गोड बोलत होते. क्लाउडमध्ये जे जे आपलं आहे त्याची पूर्ण यादी हवी, प्रत्येकासमोर मालकाचं नाव हवं. "बेवारस मशिनें पकड़नी हैं. और किसी से होगा नहीं."

ते खरंच दुसऱ्या कोणाकडून झालं नसतं. पडद्यावर बघून एकेक उतरवायचं म्हटलं तर माणूस म्हातारा होईल. त्यासाठी एपीआय असतो, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने प्रश्न विचारायचा दरवाजा. आपण विचारायचं, तुझ्याकडे काय काय आहे? तो एक पान देतो आणि सोबत पुढच्या पानाची खूण. ती खूण दाखवली तरच पुढचं पान. आमच्याकडच्या शहाण्यांनी आधी एकदा हा प्रयत्न केला होता आणि पहिल्या पानालाच पूर्ण यादी समजून साहेबांना नेऊन दिली होती. शिवाय प्रत्येक शहराला वेगळं विचारावं लागतं, नाही तर कुठे तरी कोणी विसरलेली डिस्क तशीच राहून जाते. मी सगळी शहरं घेतली, सगळी पानं घेतली, घाई केली की तो दरवाजा तोंडावर आपटतो म्हणून मध्ये थांबत थांबत विचारलं. शीट तयार झाली तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं नेटकं काम त्या ऑफिसात कोणी केलं नव्हतं.

मालकाच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. मी पाहिलं. उठून त्याच्या टेबलाशी गेले. "अरे, आता तरी दे. यादी चालली साहेबांकडे."

"करून राहिलो ताई. तुमी पाठवा, मी आजच बदलवतो. मंग पुन्हा काढू."

मी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं. शीट भिंतीवर. साहेबांनी मालकाच्या रकान्यावर फिल्टर लावला आणि एकेक नाव निवडत गेले. त्या पोराच्या नावावर पडदा भरून गेला, खाली सरकवत राहावं लागलं. मग माझं नाव शोधलं. पडदा कोरा. साहेब सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "मैडम, आप करती क्या हैं?"

कोणी तरी हसलं. मी सांगितलं, सर, मी सुट्टीवर जाताना चार्ज दिला होता, या सगळ्या मी उभ्या केलेल्या मशिनी आहेत. ते म्हणाले, दाखवा. मशीन कोणी उभी केली याची नोंद क्लाउडमध्ये काही महिनेच राहते, पुढे ठेवायची तर वेगळी सोय करावी लागते. ती करू या असं मीच साहेबांना म्हटलं होतं आणि त्यांनीच नको म्हटलं होतं. हेही सांगितलं. ते घड्याळाकडे बघायला लागले.

मग मी त्या पोराकडे वळले. सगळ्यांसमोर, आमच्या घरच्या भाषेत विचारलं, "सांग ना रे. कोनाच्या हायेत ह्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. साहेबांकडे पाहून हिंदीत म्हणाला, "सर, शीट में जो है, वही है. शीट भी दीदी ने ही बनाई है."

आजवर माझ्या मराठी प्रश्नाला त्याने हिंदीत कधी उत्तर दिलं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याच संध्याकाळी मला जायला सांगितलं, आणि जाण्याआधी तो प्रोग्राम कसा चालवायचा हे त्यालाच समजावून द्यायला लावलं. मी समजावलं. पुढच्या पानाची खूणसुद्धा सांगितली. तो वहीत लिहून घेत होता.

घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या तरी घालतील त्याला. बाबा ऐकून म्हणाले, "त्याचं काय चुकलं? चार्ज त्याच्यापाशी होता. तू लेखी कावून नाई मांगला?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या हाडापायी गेली माझी नोकरी. पडले नसते तर सुट्टी घेतली नसती, सुट्टी नसती तर चार्ज द्यावा लागला नसता." असं बोलू नये हे मला बोलतानाही कळत होतं. पण मला त्यांना दुखवायचं होतं, आणि त्यांना दुखलं. ताटावरून उठायला त्यांना माझा हात लागायचा. त्या दिवशी त्यांनी तो घेतला नाही, खुर्ची ओढत ओढत भिंतीपर्यंत गेले.

सकाळी त्यांनी स्वतःच भावाला फोन लावला. "मले घेऊन जा," म्हणाले, "पोरगी पुण्याले चालली." मी पुण्याचं नावही काढलं नव्हतं.

भाऊ आला. दुर्गच्या स्टेशनवर आम्ही दोघांनी मिळून त्यांना डब्यात चढवलं. मी खिडकीशी उभी होते. शेवटी म्हटलं, "बाबा, दर महिन्याला येते मी नागपूरला."

"नको येऊ," ते म्हणाले. "माझ्यासाठी सुट्ट्या घेत राहिली त तेही नोकरी जाईन."

ते रागाने म्हणाले की मायेने, मला ठरवता आलं नाही. त्यांनाही आलं असतं असं वाटत नाही. पुण्यात मला नोकरी लागली. त्या वर्षी मी एकही सुट्टी घेतली नाही, दिवाळीलासुद्धा नाही. भावाने मध्ये एकदा कळवलं की बाबा आता अंथरुणातून उठत नाहीत. मी लगेच फोन केला. त्यांनी माझा आवाज ओळखला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ड्युटीवर हायेस ना?"

मी हो म्हटलं. मी खरंच ड्युटीवर होते.