पांढरी शेळी आणि गयाबाईचा खुंटा

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, गोचिडासारखे अंगालाच चिकटून येतात. मी दिंद्रुडच्या बाजूला पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टरच म्हणायचे. हे किस्से ऐकून सगळे हसतात. मला मात्र लाज वाटते.

तेव्हा बाहेरचं ते भारी, असे दिवस होते. बीडच्या स्टँडवर परदेशी कोला आला, गावात केबल आली, मग शेळी तरी देशी कशाला! योजनेत परदेशी रक्ताच्या पांढऱ्या शेळ्या आल्या. गयाबाई एकटी बाई, एका काळ्या शेळीच्या दुधावर भागवणारी. तिला मी छातीठोक सांगितलं, "काळी विकून टाका मावशी. ही दोन लिटर देते!"

तिनं पांढरी घेतली आणि काळी गल्लीतल्याच शेखचाचांना विकली. माझ्या शब्दावर.

*

दवाखान्याच्या भिंतीवर मी आहाराचा तक्ता चिकटवला. उन्हाळ्यात रोज हिरवा लसूणघास! गयाबाईला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "डॉक्टर, चैतात माणसाला पाणी न्हाई, हिला घास कुठून आणू?"

"बघा काहीतरी," मी म्हणालो. अजून आठवलं की मान खाली जाते.

*

रान करपलं. पांढरी कडब्याचा वास घेऊन तोंड फिरवायची, बाभळीच्या शेंगांकडे तर बघायचीसुद्धा नाही. काळी मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळ ओरबाडायची. चाचांनी तिला लस टोचायला दवाखान्यात आणली, तर तिनं भिंतीवरचा माझा तक्ताच खाल्ला, खळीसकट!

शेखचाचा म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमचा घास शेवटी एका शेळीला तरी मिळाला!"

*

मग वरचे साहेब गयाबाईच्या घरी पाहणीला आले. पांढरी तर आटलेली. आमच्या दगडू शिपायानं चाचांकडून काळीचं दूध आणून गुपचूप पांढरीशेजारी ठेवलं. साहेब त्याचाच चहा प्याले.

मिशी पुसत म्हणाले, "चवच वेगळी! शेवटी जात ती जात!"

मी मान डोलावली. गयाबाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

*

जेठात माफी मागायला तिच्याकडे गेलो.

"बसा डॉक्टर. तुमाला बिगरदुधाचा च्या कसा द्यावा?" म्हणत ती गिलास घेऊन चाचांकडे गेलीसुद्धा. अर्धा गिलास दूध मागून आणलं, चहा केला, कप माझ्या हातात दिला.

तेवढ्यात काळी तुटलेलं दावं ओढत, गयाबाईचा माग काढत दारातून आत आली आणि थेट आपल्या जुन्या खुंट्यापाशी जाऊन थांबली. तिथं पांढरी बसली होती.

गयाबाईनं पांढरीला हळूच पायानं ढोसलं.

"सरक गं पाव्हणे, घरची आली."