वाकड्या हँडलचे देवीडॉक्टर

देवीडॉक्टर गावात शिरायचे ते वाकून. त्यांच्या सायकलचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं होतं, त्यामुळे पाठ आडवी आणि मान पुढे, अशी त्यांची बैठक असे. लांबून वाटायचं, हा माणूस सगळ्या फोपनारला नमस्कार करत येतो आहे. ओट्यावरच्या एकदोन म्हाताऱ्या खरोखरच हात जोडायच्या. मग ते पाय टेकून उतरायचे आणि त्यांना उलट नमस्कार करायचे. "मी डॉक्टर नाही हो माय, टोच्या आहे टोच्या," असं दर खेपेला सांगायचे. कुणी ऐकलं नाही. देवीची लस टोचतो तो देवीडॉक्टर, हे गावानं ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा फोपनारच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. माहेर बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि मुलीनं खेड्यात एकटीनं राहून नोकरी करायची हे आमच्या गल्लीला काही पचलं नव्हतं. देवीडॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. दवाखान्याच्या पडवीत सायकल टेकवून माझ्याकडे तांब्याभर पाणी मागायचे. अर्धं स्वतः प्यायचे, अर्धं सायकलच्या पुढच्या पेटीवर गुंडाळलेल्या गोणपाटावर ओतायचे. त्या पेटीत लसीच्या नळ्या असत, आणि ऊन लागलं की लस मरते. "आधी हिला, मग मला, असं करायला पाहिजे खरं तर," ते म्हणायचे, "पण तहान लागली की अक्कल राहत नाही."

सायकल मुळात शर्यतीची. बऱ्हाणपूरच्या गिरणीतला एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना ती देवीडॉक्टरांना देऊन गेला. त्याच्या मुलांना यांनी टोचलं होतं, एवढीच ओळख. बारीक टायरची ती नाजूक वस्तू पाहून सगळे हसले होते. काळ्या मातीत ही दोन दिवस टिकणार नाही, म्हणाले. यांनी ती इतवाऱ्यातल्या एका लोहाराकडे नेली. त्याच्याकडून पुढचा चिमटा रुंद करून घेतला, जाड टायर बसवले. मडगार्ड काढून टाकले, कारण पावसाळ्यात त्यांच्यात चिखल ठासला की चाक फिरत नसे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेरी चकरी लावली, एक लहान, एक मोठी. सपाटीवर लहान, डोंगराकडे जायचं असलं की उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं आणि मोठीवर चढण चढायची. ही सगळी उलटापालट ते बाभळीखाली बसून, गाणं गुणगुणत करायचे.

हँडल मात्र त्यांनी बदलू दिलं नाही. लोहारानं साधं सरळ हँडल फुकट देऊ केलं, तरी नाही. "याला तीन जागी धरता येतं, बाई," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "बाजारात वरून धरायचं, म्हणजे माणसं दिसतात. गाडवाटेवर बाजूनं, म्हणजे हिसका बसत नाही. आणि वारा समोरून आला की अगदी खालून. दिवसभर एकाच जागी धरलं तर हात मरतात. मग टोचताना हात थरथरतो, आणि लेकरू विनाकारण रडतं." हँडलवर त्यांनी केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी घट्ट गुंडाळली होती. घामानं ती काळी पडली की सोडायची आणि नवी वळायची. केळीच्या बागांतून जाणाऱ्या माणसाला सोपटाला काय तोटा.

त्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते, दाट, आणि डावा डोळा अधू होता. टोचून घ्यायला नकार देणाऱ्या घरात ते वाद घालत नसत. उंबऱ्यापाशी बसायचे, टोपी काढायचे, आणि म्हणायचे, "माझं तोंड बघा. मी वाचलो तो असा वाचलो." एवढंच. जे वाचले नाहीत त्यांच्याबद्दल बोलत नसत. ते मला फार उशिरा कळलं. आधी ते वऱ्हाडात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. एकाच पंधरवड्यात बायको आणि चार वर्षांची मुलगी देवीनं गेली, आणि हे उरले. बरे झाल्यावर त्यांनी कारकुनी सोडली आणि टोचणीची नोकरी धरली.

टोचल्यानंतर आठव्या दिवशी ते परत यायचेच. दंडावर फोड उठला असेल तर टोचणी लागू पडली. नसेल तर लस वाया गेली, पुन्हा टोचायचं. पुष्कळ टोचणीवाले वहीत आकडा लिहून मोकळे व्हायचे. हे मात्र नाल्यात पाणी असलं तर सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जायचे आणि एकेक दंड बघायचे.

नाल्यापलीकडे केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्यांची दहाबारा घरांची वस्ती होती. त्या वर्षी ऊन फार लवकर तापलं. भर चैत्रात त्यांनी ती वस्ती टोचली, आणि परतताना पडवीत बसून पेटी उघडून पाहिली. "बाई, नळ्या हाताला कोमट लागल्या," ते म्हणाले. "आठव्या दिवशी बघायलाच पाहिजे."

पण चौथ्याच दिवशी त्यांना हुकूम आला. प्रांतांची नवी आखणी होणार होती, सगळ्या नोकरांच्या याद्या नव्यानं लागायच्या होत्या. सेवापुस्तक घेऊन वरच्या कचेरीत हजर व्हा. जाताना ते माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेले: "बाई, जमल्यास आठव्या दिवशी नाल्यापलीकडे जाऊन दंड बघून यावेत. फोड नसल्यास मला तार करावी."

मी गेले नाही. त्या दिवशी एक अडलेली बाळंतीण होती, ते खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दमले होते, तिसऱ्या दिवशी बाजार होता. वाटलं, आज ना उद्या ते स्वतःच येतील. पण कचेरीनं त्यांना बाकावर बारा दिवस बसवून ठेवलं.

परत आले ते घरी न जाता थेट वस्तीवर गेले. एकाही दंडावर फोड उठलेला नव्हता. आणि दोन घरांत लेकरं तापानं फणफणली होती. त्यांनी त्याच दिवशी ताजी लस आणून सगळी वस्ती पुन्हा टोचली, पण जिथे रोग शिरला होता तिथे शिरला होता. तीन मुलं गेली. त्यात रुखमा नावाच्या मजुरणीची सोनी होती. तिची एकुलती एक.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा मी पडवीत जाऊन उभी राहिले. ते साखळीला तेल देत होते.

"चिठ्ठी मिळाली होती मला," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मी 'जमल्यास' लिहिलं होतं, बाई."

"जमलं असतं."

बराच वेळ ते पायडल हातानं फिरवत राहिले. मग म्हणाले, "लस कोमट आहे हे मला कळलं होतं. तरी टोचलं मीच. तुम्ही यात येऊ नका." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी आणलेला सबंध तांब्या त्यांनी त्या दिवशी गोणपाटावर ओतला.

त्यानंतर दर फेरीला ते नाल्यापलीकडे जायचे, टोचायचं काही नसलं तरी. रुखमाच्या दारासमोर बसायचे. ती एक शब्द बोलत नसे. आपली कामं करत राही, पाणी सुद्धा विचारत नसे. थोड्या वेळानं ते उठून यायचे. दोन उन्हाळे असंच चाललं.

मग याद्या लागल्या. जुना प्रांत फुटला, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं. देवीडॉक्टरांचं मूळ गाव वऱ्हाडातलं, म्हणून त्यांचं नाव तिकडच्या यादीत पडलं. "माझं तिकडे आहे कोण?" ते मला म्हणाले, पण अर्ज वगैरे केला नाही. पेटी, वही, टोचणीचं हत्यार सगळं कचेरीत जमा केलं. सामान थोडंच होतं. ते सायकलला बांधून, डोंगर ओलांडून सायकलनंच जायचं त्यांनी ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते फोपनारला निरोप घ्यायला आले. आम्ही पडवीत बसलो होतो, तेवढ्यात रुखमा आली. कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. माझ्याच हातचं बाळंतपण होतं ते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बाळाचा दंड उघडा करून म्हणाली, "याले टोचा. तुमच्याच हातानं."

दोन वर्षांत तिनं त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. देवीडॉक्टरांनी आपले रिकामे हात पाहिले. "माय, माझ्यापाशी आता काहीच नाही. नवा माणूस येईल, तो टोचील."

"नव्या माणसाले मी काय ओळखते?" ती म्हणाली. "तो पुन्हा पाहाले येईन का?"

ते उठले. बाभळीखाली गेले, मागचं चाक काढून उलटं बसवलं आणि असीरगडच्या घाटाकडे निघाले. पलीकडच्या एका दवाखान्यात त्यांच्या ओळखीचा टोचणीवाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, ओठ फुटलेले, सदरा पाठीला चिकटलेला. ओल्या फडक्यात एकच नळी होती आणि उसनं आणलेलं हत्यार. हात मात्र थरथरला नाही. बाळ क्षणभर रडलं आणि आईला चिकटलं.

त्यानंतर ते आठ दिवस फोपनारला राहिले. नव्या जागी रुजू व्हायची मुदत टळत होती. मी म्हटलं, "मी बघेन ना दंड. या वेळी नक्की बघेन." ते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. "माहीत आहे, बाई. पण तिनं मला विचारलंय." आठव्या दिवशी फोड टपोरा उठलेला पाहिला आणि तिथूनच, नाल्यापलीकडूनच, गेले. मी बागांच्या कडेपर्यंत सोबत चालले. ते सायकल हातात धरून चालत होते, आणि सगळा वेळ मला बाळंतिणीच्या आहाराबद्दल काहीबाही सांगत होते. मग बसले, वाकले, आणि केळीच्या पानांआड दिसेनासे झाले.

उशिरा पोचल्याबद्दल तिकडे त्यांची सेवा खंडित धरली, हे पुढे एका पत्रातून कळलं. फिरती काढून त्यांना लसीच्या कोठारात बसवलं होतं. "सायकल भिंतीला उभी आहे," त्यांनी लिहिलं होतं. "रविवारी काढतो. पण जायचं कुणाकडे?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलेलं पत्र गेलं, त्याला उत्तर म्हणून तिथल्या कंपाउंडरचं कार्ड आलं. देवीडॉक्टर आठवड्याच्या तापानं गेले होते. माझं पत्र पोचलं त्याच्या आधीच्या महिन्यात.

ते कार्ड घेऊन मी बागेत गेले. रुखमा केळीची वाळलेली पानं कापत होती, बाळ बांधावर खेळत होतं. मी तिला सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला.

"त्यायले रडाले कोण होतं तिथं?"

"कुणी नव्हतं," मी म्हटलं.

ती मातीत बसली आणि मोठ्यानं रडू लागली, घरचं माणूस गेल्यावर बाई रडते तशी, नाव घेऊन, छाती बडवून. आजूबाजूच्या बागांतून बाया धावत आल्या. काय झालं, कोण गेलं, विचारू लागल्या.

"माहा भाऊ गेला वं माय," रुखमा म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. तोवर मला रडू आलं नव्हतं.