आमूच्या धरणातलं मे महिन्याचं पाणी

आमची आम्रपाली घाटाखालच्या अलोऱ्याच्या कॉलनीत, आईच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून दोन देशांचं धरण चालवते. थापा नाही मारत! मी शेजारची सावित्री. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला खोड आहे, आणि ती मी लपवत नाही.

"अगो आमू, पण धरण आहे कुठे?"

"अजून कुठेच नाही, काकी. नदी वरच्या देशातून निघते, खालच्या देशात जाते. सीमेवर दोघांनी मिळून धरण बांधायचंय. दारं कधी उघडायची, कधी नाही, ते आधी कॉम्प्युटरवर चालवून बघतो."

मला कुठला धीर! म्हटलं, मला चालवू दे. तिने मला वरचा देश केलं आणि तिच्या आईला, येसूबाईला, खालचा. मी दारं घट्ट लावून घेतली. साठलेलं पाणी माझं, त्यावरची वीज माझी! तरी मे महिन्यात येसूबाईची शेतं हिरवीगार.

"बघ, एवढी दुष्ट वागले तरी तुझं काही बिघडलं नाही," मी तिला चिडवलं. येसूबाई खो खो हसली.

आमूच्या जिवाला मात्र घोर होता. दोन्ही देशांचे इंजिनिअर व्हिडिओवर बसून तिचं काम तपासणार होते. खालचे आधीच संशयी. त्यांना पटलं नाही तर ते बोलणीच सोडून जाणार होते.

त्या दिवशी मी कोपऱ्यात कडवे वाल सोलत बसले होते. वरचे खूश दिसले. मग खालच्या देशातली एक बाई बोलायला लागली आणि आमूचा चेहराच उतरला. ती काय म्हणाली, ते आमूने नंतर सांगितलं: "एप्रिलमध्ये आमची गुरं ही नदी पाय न भिजवता ओलांडतात. तुमच्याकडे हे पाणी आलं कुठून?"

कुठून येणार? उन्हाळ्यातली मोजमापं मिळालीच नव्हती. ती आमूने अंदाजाने भरली. आणि अंदाज कोणाचा, तर अलोऱ्याच्या पोरीचा! शेजारच्या पोफळी गावच्या वीजघरातून सुटलेलं पाणी आमच्या वाशिष्ठीला मिळतं, ती भर मे महिन्यातही वाहते. हिच्या डोक्यातली नदी कधी आटलीच नव्हती.

वरचे म्हणाले, राहू दे, आम्हाला ठीक वाटतंय. आमू गप्प बसली असती तर चाललं असतं. पण तिने सरळ सांगून टाकलं, "चूक माझी आहे. माझ्या गावची नदी उन्हाळ्यात वाहते, म्हणून मी तुमचीही वाहती धरली."

"तुमच्या नदीला पाणी येतं कुठून?" त्या बाईने विचारलं.

"घाटावरच्या कोयनेचं. डोंगर पोखरून इकडे वळवलंय."

"आणि पूर्वी ते ज्यांच्याकडे जायचं, ते काय म्हणतात?"

"माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

बाईने काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आकडे बदला. आम्ही बोलणी सोडून जात नाही."

आमूने आकडे बदलले आणि आम्हा दोघींना पुन्हा खेळायला बसवलं. मी सवयीने दारं लावली. पडद्यावर येसूबाईची शेतं पिवळी पडत गेली.

"सावित्री, उघड गो," येसूबाई म्हणाली. हसत नव्हती.

उघडायला गेले तर साठा उतरून माझी वीज कमी होत होती मेली! माझा हातच उठेना. खेळातलं धरण, तरी उठेना. शेवटी आमूने माझं बोट धरून दार उघडलं. मला माझीच लाज वाटली.

येत्या रविवारच्या एसटीने आम्ही तिघी घाट चढून पलीकडे जाणार आहोत, तिकडच्या बायकांना त्यांच्या वळवलेल्या पाण्याचं विचारायला. डोकावायची खोड मला आहेच. पण या वेळी, खरं सांगते, पहिलं दार मी आमूलाच वाजवायला लावणार आहे.