शेवटी निघणारा

१९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये माझ्या दुकानाशेजारी एक म्हातारा आर्मेनियन बूट दुरुस्त करायचा. पूर्वी सोव्हिएत सैन्यात कमांडर होता. अजूनही हुकूम दिल्यासारखा बोलायचा. मालक इमारत रिकामी करा म्हणून धमकावू लागला, तेव्हा आम्ही पाचही दुकानदारांनी हलायचं नाही असं ठरवलं. “हरलोच, तर माझी माणसं मोजून बाहेर काढीन. मी शेवटी निघेन,” तो म्हणाला.

मी मात्र गुपचूप मालकाशी घासाघीस करून पैसे घेऊन दुकान सोडायचा स्वतःपुरता सौदा पटवला. सामान ट्रकमध्ये चढवत होतो तेव्हा तो आला. त्याने माझ्या जड काउंटरचं दुसरं टोक उचललं.

“गद्दार म्हणा ना एकदा!” मी ओरडलो.

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. “एक,” त्याने मोजलं आणि उरलेल्या तिघांच्या दारांकडे वळला.

शिवी दिली असती, तर मी दोन परत केल्या असत्या.